अर्धा एकर बाग आणि तिचे राखणदार

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात उद्यान म्हटलं की आधी ताडोबाच डोळ्यांपुढे येतो. १९५५ साली ११६ चौरस किलोमीटरांचं राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे अंधारी अभयारण्य जोडलं गेलं, मग बफर आलं आणि आज हा व्याघ्रप्रकल्प सतराशे चौरस किलोमीटरांच्या पुढे गेला आहे. त्याचे नियम इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. मंगळवारी सफारी बंद. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. जिप्सीतून खाली पाय ठेवायचा नाही, गाईडशिवाय आत जायचं नाही. कोलारा गेटवर वनरक्षक उभा असतो, नोंदवही असते आणि चुकलात तर दंडही असतो.

आता त्याच पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या गावात या. ग्रामपंचायतीने अर्ध्या एकरात बाग केलेली असते. एक घसरगुंडी, सिमेंटची दोन बाकं, तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक. या बागेचे नियम कोणी केले? फाटक संध्याकाळी कोण लावतं? शेळ्या आत शिरल्या तर कोणी कोणाला सांगायचं? प्रश्न साधे वाटतात. पण त्यांचा माग काढत गेलं की मालगुजारीच्या काळापासून सर्वोच्च न्यायालयाच्या ताज्या निकालापर्यंत आणि गोंडपिपरीच्या जंगलापासून स्वित्झर्लंडच्या डोंगरापर्यंत जाऊन पोचायला होतं. एवढ्याशा बागेखाली केवढा इतिहास पुरलेला आहे, हे पाहून थक्क व्हायला होतं.

सुरुवात जमिनीपासूनच करावी लागते, कारण बागेचा निम्मा न्याय जमिनीच्या नोंदीत ठरून गेलेला असतो. चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा जिल्हा, १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात होता. गावाची पडीक जमीन, तलाव, बोड्या आणि झुडपं मालगुजाराच्या ताब्यात असत. गावकऱ्यांना त्यातून चारा, सरपण, माती घ्यायची वहिवाट असे. तिलाच निस्तार म्हणत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, जमिनी सरकारकडे आल्या. पण वहिवाटीचं काय करायचं? तिच्यासाठी एक स्वतंत्र दप्तर उभं राहिलं, त्याचं नाव निस्तार पत्रक.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्यातलं निस्ताराचं प्रकरण फक्त विदर्भाला लागू आहे. पुण्या-नाशकाकडच्या वाचकाने हे पत्रक बहुधा पाहिलेलंच नसेल. कलम १६१ सांगतं की गावातली जी जमीन कोणाच्या खात्यावर नाही, तिच्या व्यवस्थापनाची योजना जिल्हाधिकाऱ्यांनी तयार करायची, तिचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, रहिवाशांची इच्छा जाणून घ्यायची आणि मगच ती कायम करायची. गुरं कुठे चरतील, सरपण कोणी किती न्यायचं, मुरूम, रेती आणि माती कुठून काढायची, हे सगळं त्यात यायला हवं. शेतीच्या गुरांना फुकट चराई, घरगुती गरजेपुरतं जळण फुकट, आणि गावातल्या कारागिराला त्याच्या धंद्यापुरता माल नेण्याची सवलत, याचीही शक्य तितकी सोय करायला कायदा सांगतो. कुंभाराची माती आणि बुरडाचा बांबू कायद्याच्या पुस्तकात आले आहेत, हे वाचताना मला फार बरं वाटतं. इतक्या बारकाईने गावाकडे पाहणारं कलम कोणीतरी गाव चालून पाहूनच लिहिलं असणार.

या पत्रकाच्या जोडीला वाजिब-उल-अर्ज असतो. कोणाच्या बांधावरून वाट आहे, पाणी कोणाच्या शेतातून जातं, मासेमारीचा हक्क कोणाचा, अशा गावच्या रूढी त्यात नोंदवायच्या. नकाशावर न दिसणारी पायवाट या कागदावर मात्र दिसते. नव्या बागेला कुंपण घालताना आखराकडे जाणारी गुरांची जुनी वाट अडली तर भांडण अटळ असतं, आणि त्याचं उत्तर या नोंदीत सापडू शकतं.

इथेच पूर्व विदर्भाची खास अडचण येते, ती म्हणजे झुडपी जंगल. जुन्या महसुली दप्तरात गावाजवळच्या खुरट्या, मुरमाड, बहुतेक चराईच्या जमिनीला हे नाव पडलं. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या सहा जिल्ह्यांत ती विखुरलेली आहे. कितीतरी गावांची शाळा, स्मशानभूमी, खेळाचं मैदान याच जमिनीवर उभं राहिलं. प्रत्यक्षात तिथे झुडूपही नसे. दप्तरात मात्र जंगल. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल ही वनजमीनच मानायची. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी रीतसर वाटप झालेल्या जागांसाठी मार्ग ठेवला, पण त्यासाठीही राज्याने केंद्राची मंजुरी घ्यायची. तीन हेक्टरांहून लहान, जंगलाला लागून नसलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे. म्हणजे चिमूरच्या आसपासच्या गावाने उत्साहाने बाग आखण्याआधी तलाठ्याकडे जाऊन गट क्रमांकासमोर काय लिहिलंय ते पाहायलाच हवं. मला हा निकाल गावाविरुद्ध वाटत नाही. हे छोटे तुकडे एकेक करून गिळले जात होते, आणि गिळणारे बहुधा गरीब नव्हते.

जमीन निर्वेध असली की पुढचा अधिकार ग्रामपंचायतीचा. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ पंचायतीला सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण हटवायचा अधिकार देतं. पंचायत गप्प बसली तर जिल्हाधिकारी स्वतः ते करू शकतात. गायरानासाठी २०११ हे वर्ष मोलाचं. त्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात, जगपाल सिंग प्रकरणात, देशभरातल्या गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. तळं बुजवून घरं बांधली गेली होती. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने शासन निर्णय काढून गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर कडक बंधनं घातली.

एवढा सगळा कायदा उभा आहे. तरी बागेचं फाटक मोडतंच. का?

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. कुरण सगळ्यांचं असलं की प्रत्येक गुराखी आपलं एक जनावर जास्त सोडतो, शेवटी कुरणच उजाड होतं, असं त्याचं म्हणणं. उपाय दोनच: सरकारने ताब्यात घ्या, नाहीतर खाजगी करा. जगभरातल्या सरकारांना हे फार पटलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र खऱ्या कुरणांचा, खऱ्या पाटांचा, खऱ्या मासेमारीचा अभ्यास केला. टोर्बेल नावाच्या स्विस डोंगरी गावातला १५१७ सालचा नियम त्यांनी पुढे ठेवला: हिवाळ्यात जितक्या गाई आपल्या गोठ्यात पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात सोडायच्या. वर अशी सोय की नियम मोडणाऱ्याला पकडणाऱ्या अधिकाऱ्याने दंडातला निम्मा वाटा स्वतः ठेवावा. एक ओळ, आणि कुरण शतकानुशतकं टिकलं. मोजायचं काय हे इतकं उघड होतं की खोटं बोलायला जागाच नव्हती. शेजाऱ्याचा गोठा सगळ्यांना दिसतोच.

ऑस्ट्रॉम बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांना जे आढळलं ते साधं आहे. सामाईक जागा तिथे टिकते, जिथे वापरणारेच नियम ठरवतात, राखण करणारा त्यांच्यातलाच किंवा त्यांना उत्तर देणारा असतो, आणि पहिल्या चुकीला दंड लहान, पुढे वाढत जाणारा असतो. आणखी एक अट त्या सांगतात, ती मला सगळ्यात कळीची वाटते: वरच्या सरकारने गावाचा हा अधिकार मान्य करायला हवा. ते जर रोज मोडता घालू लागलं तर गावाचे नियम टिकत नाहीत.

तसं पाहिलं तर मोठ्या शहरांच्या बागाही याच वाटेने आल्या. बॉस्टन कॉमन ही अमेरिकेतली सर्वांत जुनी सार्वजनिक बाग मानतात. १६३४ साली ती विकत घेतली ती गाई चारण्यासाठी. १६४६ मध्ये गाईंची संख्या सत्तरपर्यंत मर्यादित केली आणि १८३० मध्ये गाईंना बंदी झाली. आज जिथे लोक फिरायला येतात, ते एक जुनं गायरान आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातलं पाचगाव बघा. गोंडपिपरी तालुक्यातल्या या छोट्या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली हजारावर हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. मिलिंद बोकीलांनी ‘कहाणी पाचगावची’ लिहून ही गोष्ट मराठीत आणली. हक्क हातात येताच गावाने पहिलं काम केलं ते नियम करायचं. घराघरातून सूचना मागवल्या, ग्रामसभेत बसून एकेक नियम घासून घेतला. जंगलात तंबाखू-खर्रा खायचा नाही, हाही त्यातलाच. बाहेरच्याला हे गमतीचं वाटेल, पण चंद्रपुरातल्या माणसाला यातली जिद्द कळते. इथे खर्रा घोटल्याशिवाय दिवस सरत नाही.

त्याहून मोठा निर्णय तेंदूपानाचा. इथल्या जंगलात मे महिन्यात सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधून विकणं म्हणजे वर्षाचा रोख पैसा. पण कोवळं पान मिळावं म्हणून झुडपं छाटतात, खालचा पाला पेटवतात, आणि त्या आगीत लहान रोपं जातात. बांबूतून कमाई होऊ लागल्यावर पाचगावने तेंदूपान तोडणंच बंद केलं. झाडं वाढली, टेंभरं धरू लागली, ती माणसांनी खाल्ली आणि पाखरांनीही. आणि जंगलाचा एक चांगला भाग गावाने देवाला सोडला. तिथे कोणीच काही तोडत नाही. कोणत्याही अधिकाऱ्याने हा हुकूम दिलेला नव्हता.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ने ही वाट आधी दाखवली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली आहेत. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. वेळ लागतो खरा. पण ज्याने ‘हो’ म्हटलंय त्याच्यावर पुन्हा पहारा ठेवायला लागत नाही, आणि तिथे सगळ्यांनीच ‘हो’ म्हटलेलं असतं. २००९ साली अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं.

ओडिशात राखणीची एक रीत आहे, ठेंगापाली. एक काठी असते. आज राखण केलेल्या घरचा माणूस संध्याकाळी ती शेजारच्या दाराशी टेकवून जातो. सकाळी ज्याच्या दारी काठी, त्याने जंगलावर जायचं. पगार नाही, वही नाही. चुकवलं तर सगळ्या गल्लीला कळतं, कारण काठी तिथेच असते. अर्ध्या एकराच्या बागेला यापेक्षा चांगली देखरेख मला सुचत नाही. फाटकाची किल्ली अशीच दारोदार फिरवता येईल.

चिमूरकडच्या बागेला स्वतःचे काही नियम लागतात, ते शहराच्या बागेवरून उचलता येणार नाहीत. इथे फाटक दिवेलागणीच्या आधी लागायला हवं, कारण बफरच्या गावांत वाघ-बिबट्या-अस्वल ही कल्पना नाही. बाकाभोवती दाट झुडूप ठेवायचं नाही, दिसेल इतकं मोकळं ठेवायचं. मेमध्ये पारा पंचेचाळिशी ओलांडतो; हिरवळीच्या नादात टँकरचं पाणी घालण्यापेक्षा कडुनिंब आणि करंज लावलेले बरे, करंजाला शेळीही सहसा तोंड लावत नाही. खर्ऱ्याच्या पन्नीला पहिल्यांदा बाग झाडायची शिक्षा, दुसऱ्यांदा पैसे. आणि माघात बालाजीच्या घोडा यात्रेला येणारे पाहुणे बागेत उतरणार असतील तर त्यांची जागा आधीच ठरवून ठेवायची, ऐन वेळी वाद नको.

हे तालुक्यातल्या माणसांना कोणी शिकवायची गरज नाही. चिमूरजवळच्या गोंदेड्याला आणि रामदेगीच्या रानात तुकडोजी महाराजांनी साधना केली; त्यांची ‘ग्रामगीता’ १९५५ सालची, म्हणजे ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानाच्याच वयाची. गावाने आपलं गाव आपण झाडावं, आपण सजवावं, ही गोष्ट इथे दोन पिढ्या रोजच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर बोलली गेली आहे. राहिला आहे तो कागद.

त्यासाठीही कायद्याने दार उघडं ठेवलंय. निस्तार पत्रकातली नोंद बदलून घ्यायची तर ग्रामपंचायतीने मागणी करावी. पंचायत नसेल तिथे गावातल्या प्रौढ रहिवाशांपैकी एक-चतुर्थांश लोकांनी अर्ज करावा, जिल्हाधिकारी चौकशी करून नोंद बदलू शकतात. चारशे प्रौढांच्या गावात शंभर सह्या. अर्जात गट क्रमांक, आज त्या जागेचा वापर काय, पुढे काय हवा, आणि राखण कोण करणार हे लिहावं. जमीन झुडपी जंगल नाही ना, एवढं आधी पाहून घ्यावं. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला तर उत्तम. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरवावीच लागते, आणि बागेचे नियम हा विषय पत्रिकेवर घ्यायला सरपंचाकडे आधी लेखी दिलं की पुरतं.