सदाहरित वनांतील परिसंस्था-संशोधन : वैशाखरे–भीमाशंकर परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक :

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव माळशेज घाटाच्या पायथ्याच्या परिसरात वसलेले असून नाणेघाटाची प्राचीन वाट येथूनच सह्याद्रीच्या माथ्याकडे जाते. पायथ्याच्या रानात साग, ऐन, पळस, मोह हे पानगळीचे वृक्ष आढळतात. याच डोंगररांगेत दक्षिणेकडे, भीमाशंकरच्या माथ्यावर, अंजनी, जांभूळ, पिसा, आंबा अशा वृक्षांचे सदाहरित वन आहे. चैत्र-वैशाखात पायथ्याचे रान उघडे पडते. माथ्यावरील वन मात्र हिरवे असते. ही हिरवाई पाहून तेथील जीवसृष्टीला बारा महिने सुबत्ता असावी, असा समज होतो. तो कितपत खरा आहे व संशोधकांनी त्याचा शोध कसा घेतला, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पर्जन्यवन व हंगामी सदाहरित वन :

'उष्णकटिबंधीय पर्जन्यवन' ही संकल्पना जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९८ मध्ये वनस्पती-भूगोलावरील आपल्या ग्रंथात मांडली. विषुववृत्ताजवळील पर्जन्यवनात पाऊस वर्षभर विभागून पडतो. भीमाशंकर परिसरात भरपूर पाऊस पडत असला, तरी तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्यानंतरचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे असतात. म्हणूनच या वनास 'हंगामी सदाहरित वन' म्हणणे अधिक उचित ठरते. पाने बारमाही असली तरी फुले व फळे बारमाही असतीलच असे नाही. त्यामुळे टंचाईच्या महिन्यांत प्राणी कशावर जगतात, हा या वनाच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न ठरतो.

शेकरू आणि उंबरवर्गीय वृक्ष :

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. सुमारे १३१ चौ. कि.मी. विस्ताराचे हे अभयारण्य पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले असून महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ही त्याची ओळख आहे. शेकरू वृक्षांच्या शेंड्याशेंड्यांवरूनच वावरते. त्यामुळे वनातील अन्नाचा बारमाही हिशेब समजण्यास हा प्राणी विशेष उपयुक्त आहे.

डॉ. रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकर व कर्नाटकातील मागोड या दोन वनांत शेकरूच्या आहाराचा अभ्यास केला. फळांची टंचाई आणि उंबरवर्गीय वृक्ष यांचा संबंध तपासणारा त्यांचा शोधनिबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासामागे व्यापक पार्श्वभूमी होती. अमेरिकन संशोधक जॉन टेरबॉर्ग यांनी पेरू देशातील मनू अरण्याच्या अभ्यासावरून १९८६ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, टंचाईच्या काळात मोजक्याच वनस्पती बहुसंख्य फलाहारी प्राण्यांना तारून नेतात. उंबरवर्गीय वृक्ष अशा आधारभूत वनस्पतींपैकी होत.

याचे कारण उंबराच्या परागीभवनात आहे. पिकलेले उंबर फोडले असता त्यातून बारीक किडे उडताना आपण पाहतो. उंबरवर्गीय वृक्षांचे परागीभवन अशा फळात जन्मणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या करतात. फळाबाहेर त्यांचे आयुष्य फार तर एक-दोन दिवसांचे असते. तेवढ्या अवधीत त्यांना त्याच जातीचे योग्य अवस्थेतील दुसरे झाड गाठावे लागते. म्हणून एकाच जातीची सर्व झाडे एकाच वेळी फळत नाहीत. कोणते ना कोणते झाड बहुतेक सर्व ऋतूंत फळांवर असते. गांधीलमाशीच्या गरजेतून आलेला हा क्रम पक्षी, वानर व शेकरू यांच्याही उपयोगी पडतो. मात्र कोणत्या वनात हा आधार किती मोलाचा आहे, हे त्या त्या वनात मोजूनच ठरवावे लागते. दोन वनांची तुलना करण्याचे महत्त्व येथेच आहे.

रात्री उडणारा भुंगा :

भीमाशंकर परिसरातील दुसरा उल्लेखनीय अभ्यास परागीभवनाचा आहे. हेमा सोमनाथन व रेनी बोर्जेस यांनी २००१ मध्ये असे दाखवून दिले की, वारस या वृक्षाच्या फुलांचे परागीभवन लाकूड पोखरून राहणारा भुंगा रात्रीच्या वेळी करतो. पुढे या दोघींनी एरिक वॉरंट व आल्मुट केल्बर यांच्यासह भुंग्याच्या दुसऱ्या एका जातीचा अभ्यास केला. ही जात अमावास्येच्या रात्रीही उडते आणि केवळ ताऱ्यांच्या प्रकाशात रंग ओळखून आपले घरटे शोधते, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या डोळ्यांची मूळ रचना दिवसा वावरणाऱ्या कीटकांसारखीच असल्याने हा शोध जगभरातील अभ्यासकांना महत्त्वाचा वाटला.

या भुंग्यांची घरटी वाळलेल्या लाकडात असतात. म्हणजेच जिवंत वारसाला शेंगा धरण्यासाठी वनात मेलेले लाकूडही शिल्लक असावे लागते. देवराईतून वाळकी काडीही न उचलण्याचा जो जुना दंडक अनेक गावांत पाळला जाई, त्याचा एक अर्थ या संशोधनाच्या प्रकाशात उलगडतो. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून या परंपरेकडे लक्ष वेधले होते.

स्थानिक अभ्यासाची दिशा :

वरील दोन्ही अभ्यासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. वनाचे आरोग्य केवळ क्षेत्रफळावरून अथवा वृक्षांच्या संख्येवरून कळत नाही. वर्षातील सर्वांत टंचाईच्या महिन्यात तेथे काय उपलब्ध असते, यावर ते अवलंबून असते. उपग्रहीय छायाचित्रात उंबराचे एक झाड तुटलेले किंवा वठलेले खोड उचललेले सहसा दिसत नाही. तोडलेल्या जुन्या उंबराची भरपाई तेवढ्याच संख्येने लावलेल्या अन्य रोपांनी होत नाही.

अशा अभ्यासास दीर्घकालीन नोंदी आवश्यक असतात. पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर १९८० च्या दशकाच्या आरंभापासून, तर तमिळनाडूतील मुदुमलई येथे १९८८ पासून ५० हेक्टर क्षेत्रातील वृक्षांची पुनःपुन्हा मोजणी होत आली आहे. एवढा व्याप ग्रामीण महाविद्यालयास शक्य नाही. तथापि वैशाखरे ते घाटमाथा या उंचीच्या पट्ट्यात निवडक वृक्षांना क्रमांक देऊन दरमहा पालवी, कळी, फूल, कच्चे फळ व पक्व फळ यांची नोंद घेणे विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. उंबरवर्गीय वृक्ष व वठलेली खोडे यांची गणनाही त्यासोबत करता येईल. रानात नित्य वावरणाऱ्या ठाकर, कातकरी व महादेव कोळी बांधवांना कोणते झाड केव्हा फळते याची माहिती असते. त्यांना केवळ वाटाडे न मानता या नोंदींचे सहकर्ते म्हणून त्यांची नावे लिहिणे उचित होय.

समारोप :

सारांश, माथ्यावरील वन उन्हाळ्यात हिरवे दिसते म्हणजे तेथे टंचाई नाही, असे नव्हे. ती टंचाई निभावून नेणारे उंबराचे झाड, वठलेले खोड आणि रात्रीचा भुंगा हे घटक सहसा नजरेत भरत नाहीत. त्यामुळे ते नाहीसे झाले तरी नोंद होत नाही. ती नोंद ठेवण्याची सुरुवात वर्षभराच्या मासिक निरीक्षणांनी करता येईल. पावसाचे वेळापत्रक बदलत असल्याच्या आजच्या काळात, आजची नोंदच उद्याच्या तुलनेचा एकमेव आधार ठरणार आहे.