जमिनीवर चालते, पाण्यात का थांबते?
(जुनी वॉटर स्कूटर घेणाऱ्यांसाठी आणि यंत्रांची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी)



गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा मालवण-तारकर्लीला गेलेल्या मुलांनी पाण्यावर धावणारी स्कूटर नक्कीच पाहिली असेल. कोणी तिला वॉटर स्कूटर म्हणतात, कोणी जेट स्की. इंदिरा सागर धरणामुळे नर्मदेचे विशाल जलाशय तयार झाले आणि खंडवा जिल्ह्यातील हनुवंतिया येथे जलक्रीडा सुरू झाल्या. तेव्हापासून आपल्या माळव्या-निमाडातील तरुणांनाही या यंत्राची ओळख झाली आहे.

आपल्या शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी मागील वर्षी भागीदारीत अशी एक जुनी स्कूटर खरेदी केली. विकणाऱ्याने अंगणात, गाड्यावर ठेवूनच ती सुरू करून दाखवली. आवाज खणखणीत होता. घरच्यांनी साठवलेले पैसे देऊन सौदा झाला. पण पाण्यात उतरवल्यावर दहा-पंधरा हात जाऊन ती बंद पडली. परत बाहेर काढली, तर पुन्हा सुरू! दोघे फार हताश झाले आणि विज्ञानाच्या सरांकडे विचारायला आले. त्यांचा प्रश्न सर्वांच्याच उपयोगाचा आहे, म्हणून या अंकात त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

यंत्र चालते कसे?

या स्कूटरला बाहेर पंखा नसतो. तळाशी एक जाळी असते, तिच्यातून पाणी आत ओढले जाते. आत नळीसारख्या पंपात एक पाते फिरते. ते पाणी मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकते आणि त्याच्या प्रतिक्रियेने स्कूटर पुढे जाते. हाच न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम, जो आपण नववीत शिकतो. बंबार्डियर कंपनीने १९६८ मध्ये सी-डू या नावाने आणि कावासाकीने १९७३ मध्ये जेट स्की या नावाने अशी वाहने बाजारात आणली. तत्त्व आजही तेच आहे.

आता मूळ मुद्दा पाहा. जमिनीवर पाते हवेत फिरते, म्हणजे इंजिनवर भार जवळजवळ शून्य. पाण्यात तेच पाते पाणी ढकलते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड आहे. शिवाय धूर बाहेर पडण्याचे तोंड पाण्याच्या पातळीजवळ किंवा खाली असते, म्हणून धुरालाही पाणी ढकलून बाहेर जावे लागते. जमिनीवर आजारी इंजिनही गुरगुरत राहते, पाण्यात मात्र त्याचा खरा कस लागतो. काही मुले घरी धडा घडाघडा म्हणतात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये अडखळतात, तसेच हे आहे. तात्पर्य, जमिनीवर चालणे हा यंत्र चांगले असल्याचा पुरावा नव्हे.

तपासणीपूर्वी सावधगिरी

प्रथम आसन उघडून दहा मिनिटे हवा खेळू द्यावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठते आणि एका ठिणगीने भडका उडतो. वास येत असेल तर बटन दाबूच नये. जमिनीवर पाणी न जोडता इंजिन पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये, कारण थंड करणारे पाणी पंपातूनच येते. नळीने पाणी जोडायचे असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी इंजिन सुरू, मग पाणी, आधी पाणी बंद, मग इंजिन. उलट केल्यास पाणी धुराच्या मार्गाने सिलिंडरमध्ये शिरते.

खरी चाचणी पाण्यातच करावी. स्कूटर दोराने पक्की बांधावी, पाणी किमान तीन फूट खोल असावे, नाहीतर पंप दगड-वाळू ओढतो. चाचणी घेणाऱ्याने लाइफ जॅकेट घालावे. केस, ओढणी, सैल कपडे जाळीपासून दूर ठेवावे.

कारणे कोणत्या क्रमाने शोधावीत?

नियम एकच: आधी सोपे व बिनखर्चाचे, मग कठीण. आणि एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर नेमके काय दुरुस्त झाले ते कळत नाही आणि खिसा मात्र रिकामा होतो.

१. सुरक्षा दोरी. मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची ही दोरी बटनावर नीट बसलेली नसेल तर पाण्याच्या हेलकाव्याने इंजिन बंद होते. बटनावरचा गंज पाहावा.

२. टाकीचे झाकण. पेट्रोल संपत जाते तशी टाकीत हवा आत जायला हवी. हवेची नळी चोंदली असेल तर आत पोकळी होऊन पेट्रोल येणे थांबते. इंजिन बंद पडताच झाकण थोडे सैल करा. फुस्स आवाज होऊन यंत्र पुन्हा चालू लागले तर दोष सापडला. नळी साफ करावी, पण सैल झाकणाने फिरू नये, पाणी टाकीत जाईल.

३. पेट्रोल. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर त्यात पाणी आहे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. महिनोन्महिने उभ्या असलेल्या स्कूटरमधील पेट्रोल काढूनच टाकावे. कार्बोरेटरच्या जुन्या यंत्रांत पेट्रोलच्या नळ्या आतून विरघळून चिकट कचरा तयार होतो व बारीक जाळ्या बंद होतात. याची एक सोपी परीक्षा आहे. भाराखाली इंजिन दमू लागले की चोक किंचित ओढावा. त्याने जोर वाढला, तर पेट्रोल कमी पोहोचत आहे असे समजावे. अशा स्थितीत यंत्र दामटू नये. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये तेलही पेट्रोलबरोबरच जात असेल तर ते कमी पडून पिस्टन जळतो.

४. धूर आत गळणे. हे कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जमिनीवर चाचणी बहुधा आसन उघडे ठेवून होते. पाण्यात आसन बंद असते. धुराची नळी किंवा गॅस्केट फुटले असेल तर धूर पोटातच भरतो, इंजिनला स्वच्छ हवा मिळत नाही आणि ते गुदमरते. बांधलेल्या स्थितीत, मोकळ्या हवेत, आसन काढून चालवून पाहा. उघडे असताना चालते आणि बंद केल्यावर थांबते, तर धुराची गळती किंवा हवेचा बंद मार्ग यांपैकी एक दोष आहे. या वेळी तोंड आत घालून वाकू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा आहे.

५. ठिणगी. प्लग बाहेर काढून ठिणगी दिसली म्हणजे सर्व ठीक, असे नाही. दाबलेल्या हवेत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. प्लगची टोपी तडकलेली असेल तर पाण्याचा शिडकावा होताच वीज दुसरीकडे उतरते. प्लग व टोपी स्वस्त आहेत, त्या आधी बदलून पाहाव्यात. स्थिर अवस्थेत बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते का, हेही बघावे.

६. पोटात पाणी. मागची निचऱ्याची बुचे लावली होती का? पंपाच्या दांड्याचे सील गळते का? पाणी वाढले की ते हवेबरोबर इंजिनमध्ये जाते. प्लग काढल्यावर सिलिंडरमध्ये पाणी दिसले, तर प्लग बाहेर ठेवूनच इंजिन फिरवून ते काढावे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे प्लग लावून फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी पुन्हा पुन्हा येत असेल तर हेड गॅस्केट तपासावे.

७. कॉम्प्रेशन. गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडर मोजावा. सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आतले काम निघाले. खर्च मोठा आहे, म्हणून हे शेवटी लिहिले. पण खरेदी करताना हीच तपासणी सर्वांत आधी करावी.

एक तक्रार मात्र वेगळी आहे: इंजिन जोरात फिरते, पण स्कूटर सरकत नाही. तिथे दोष पंपाचा असतो. जाळीत दोर, शेवाळ, प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते किंवा पात्याभोवतीची रिंग झिजलेली असते. कचरा काढताना इंजिन बंद आणि सुरक्षा दोरी काढलेली असलीच पाहिजे.

आपल्या मुलांचे काय झाले?

त्यांनी याच क्रमाने तपासले. झाकण ठीक, पेट्रोल नवे भरले तरी तोच प्रकार. आसन काढून चालवली तर अर्धा तास सुरळीत, आसन लावले की दोन मिनिटांत बंद. धुराच्या रबरी नळीला खालच्या बाजूने, हात लावल्याशिवाय कळणार नाही अशी चीर होती. एक मेकॅनिक त्यांना पूर्ण इंजिन उतरवायला सांगत होता. ते काम नळी व दोन क्लॅम्प बदलून झाले.

सगळ्यांचेच एवढ्यावर भागेल असे नाही. म्हणून जुनी स्कूटर घेणाऱ्यांना माझा आग्रह आहे की पाण्यात, आसन लावून, निदान पंधरा मिनिटे चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. समुद्रकाठी वापरलेले यंत्र असेल तर खाऱ्या पाण्याचा गंज बारकाईने पाहा. विकणारा पाण्यात उतरवायला नाही म्हणाला, तर त्यातच उत्तर मिळाले असे समजा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही स्कूटर घ्या किंवा घेऊ नका, पण ही पद्धत घ्या. घरातील पंप असो, सायकल असो की गणिताचे न सुटणारे उदाहरण असो, आधी प्रश्न नीट मांडा, मग एकेक शक्यता तपासून बाजूला करा. प्रत्येक वेळी काय केले आणि काय दिसले ते वहीत लिहा. प्रयोगशाळेत निरीक्षणांची वही आम्ही सक्तीने लिहून घेतो, ती याचसाठी.

– प्राचार्य