वेळू, मोर आणि कमळ : ‘लीलावती’तील उदाहरणे आणि बोधाकृतीची घडण

गणिताचा नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थी उदाहरणातील वस्तू बदलताच अडतो, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. या अडचणीचे मूळ स्मरणशक्तीत नसून ‘बोधाकृती’च्या अभावात असते. मानसशास्त्रातील ‘स्कीमा’ या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात हा शब्द योजला आहे. निरनिराळ्या अनुभवांतील समान संबंध एकत्र बांधणारी मनातील रचना, असा तिचा अर्थ. ही रचना तुलनेतून घडते. म्हणूनच तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटू नये.

ही कल्पना मानसशास्त्रात रुजविणाऱ्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ‘रिमेंबरिंग’ या ग्रंथात अमेरिकेतील आदिवासींच्या एका लोककथेचाच आधार घेतला होता. इंग्रज वाचकांनी ती कथा पुन्हा सांगताना नकळत आपल्या परिचयाच्या साच्यात बसविली. पुढे मेरी गिक आणि कीथ होल्योक यांनी १९८० व १९८३ मध्ये समस्यापरिहाराच्या संदर्भात कथांचेच प्रयोग केले. शरीरातील गाठ प्रखर किरणांनी नष्ट करावयाची, पण भोवतालच्या निरोगी भागाला इजा होऊ द्यावयाची नाही, ही समस्या. अनेक दिशांनी सौम्य किरण सोडून ते गाठीवर एकवटणे, हे उत्तर. सैन्याच्या तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी किल्ल्यावर नेणाऱ्या सेनापतीची कथा आधी वाचूनही, सूचना मिळाल्यावाचून, बहुतेकांना हे साम्य दिसले नाही. दोन सदृश कथांची तुलना करणाऱ्यांना मात्र ते अधिक प्रमाणात दिसले.

या दृष्टीने भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (११५०) पुन्हा वाचण्याजोगी आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. मूळ संस्कृत असलेल्या या लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे.

ग्रंथातील तीन उदाहरणे पाहू. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला. तो किती उंचीवर मोडला? दुसऱ्यात ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, तळाशी सापाचे बीळ आहे आणि २७ हातांवरून साप बिळाकडे येत आहे. मोराने तिरपी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ कोठे पडली? एकात वादळ, दुसऱ्यात शिकार. परंतु दोन्ही ठिकाणी काटकोन त्रिकोणाची एक बाजू दिली आहे आणि उरलेली बाजू व कर्ण यांची बेरीज ज्ञात आहे. बाजूच्या वर्गाला बेरजेने भागावे, तो भागाकार बेरजेतून वजा करावा आणि उरलेल्याचे अर्धे करावे. दोन्हींचे उत्तर १२ हात येते.

महत्त्वाचे हे की भास्कराचार्यांनी नियमही कथेच्याच शब्दांत सांगितले आहेत : पहिला वेळूच्या, दुसरा खांब आणि बिळाच्या. केवळ पाठांतर करणाऱ्याच्या हाती दोन सुटे नियम येतात. शेजारी ठेवून पाहणाऱ्याला एकच आकृती दिसते. तिसरे उदाहरण त्या आकृतीची मर्यादा दाखविते. पाण्यावर अर्धा हात आलेले कमळ वाऱ्याने कलून २ हातांवर बुडाले. येथे कर्ण आणि बाजू यांची बेरीज नव्हे, वजाबाकी ज्ञात आहे. २ च्या वर्गाला अर्ध्याने भागले की ८. त्यातून अर्धा वजा करून अर्धे केले की खोली पावणेचार हात. वजाबाकीचा क्रम उलटतो. हा फरक ओळखणे हाही बोधाकृतीचाच भाग होय.

हा ग्रंथ १५८७ मध्ये फैजीने फारसीत आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी इंग्रजीत नेला. भाषा बदलली, तरी संबंध टिकला. आज हीच कसोटी वर्गात लागते. रायपूरलगतच्या बीरगांवसारख्या औद्योगिक वस्तीत, घरी छत्तीसगढी बोलणारे मूल हिंदीतून गणित शिकत असेल, तर त्याच्यासाठी वेळूऐवजी वादळात मोडलेला विजेचा खांब घेणे इष्टच. परंतु असे रूपांतर पुरेसे नाही. ओळखीच्या वस्तूमुळे उदाहरण जवळचे वाटते. त्यातील संबंध मात्र दुसऱ्या उदाहरणाशी ताडून पाहिल्यावाचून हाती येत नाही. पाठ्यपुस्तकाने एका नियमाखाली एकसारखी दहा उदाहरणे देण्याऐवजी वेषाने भिन्न, आतून एक अशी दोन उदाहरणे आणि वेषाने सारखे पण आतून भिन्न असे तिसरे द्यावे, आणि साम्यभेद विद्यार्थ्यालाच सांगावयास लावावे. कथाबंधांचा तौलनिक अभ्यास करताना आपणही याहून वेगळे काही करीत नाही.