सायकलचे छर्रे

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर अंबाडी हे गाव आहे. अशा गावच्या रस्त्यांवर सायकलला उन्हाळ्यात धूळ व पावसाळ्यात चिखल सोसावा लागतो. त्याची खरी झळ चाकाच्या हबात दडलेल्या छर्ऱ्यांना पोचते.

छर्रे म्हणजे पोलादाच्या लहान गोळ्या. साध्या सायकलच्या पुढील चाकात त्यांचा व्यास सुमारे ४.८ मिलिमीटर, तर मागील चाकात सुमारे ६.४ मिलिमीटर असतो. आसावरील निमुळता कोन आणि हबातील वाटी यांच्यामध्ये छर्रे घरंगळतात. म्हणून चाक हलके चालते. १८६९ साली जेम्स मूर याने पॅरिस ते रूआँ ही शर्यत जिंकली, ती छर्रे बसविलेल्या सायकलवरच.

परंतु वंगणात धुळीचे कण शिरले, की ते कानशीसारखे घासू लागतात. छर्रे खरबरीत होतात आणि मग तेच वाटीला खड्डे पाडतात. कोन फार आवळला, तर छर्रे दाबाने झिजतात. सैल राहिला, तर ते आदळतात. चाक मोकळे फिरावे, पण बाजूने हलविल्यास डुगडुगू नये, इतकाच कोन आवळावा.

पावसाळा सरताच वडीलधाऱ्यांच्या मदतीने चाक उघडावे. छर्रे व वाट्या रॉकेलने धुऊन, कोरड्या पुसून नवे ग्रीस भरावे. एक छर्रा झिजला, तरी सगळेच बदलावे. कारण एकटा नवा छर्रा इतरांहून किंचित मोठा ठरतो व अधिक भार त्याच्यावरच पडतो. छर्रे थोड्या पैशांत मिळतात. हब बिघडल्यास मात्र सारे चाक पुन्हा बांधावे लागते.