अंगणातले गाजर गवत

मृगाचे दोन पाऊस पडले की आमच्या वाशिम जिल्ह्यात अंगणाच्या कडेला, नालीजवळ, कब्रस्तानच्या कुंपणाशी गाजर गवत डोके काढते. यंदा आमच्या अम्मींनी ते नेहमीप्रमाणे उघड्या हातांनी उपटले. दोन दिवसांनी पापण्या सुजल्या, मान आणि कोपराच्या घड्या खाजून लाल झाल्या. वुजूचे पाणी लागले तरी आग होई. आम्ही साबण बदलला, वांगी बंद केली. त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न अंगणाचाच विचारला.

"वीस वर्षे उपटतेय, कधी काही झाले नाही," अम्मी म्हणाल्या. खरी गोम तीच. या गवतातल्या पार्थेनिनची अॅलर्जी वर्षानुवर्षांच्या संपर्काने जडते, आणि जडली की सहसा जात नाही. वाळलेल्या झाडाची धूळही पुरते.

भारतात हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे मानतात. एका झाडाला हजारो बिया धरतात. म्हणून फूल येण्याआधीच, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकातोंडाला ओढणी हवीच. नंतर ते कपडे वेगळे धुवावेत. मोकळ्या जागेत तरोटा वाढू दिला तर तो या गवताला दाबून टाकतो, शिवाय त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

उपटण्याचे काम आता आमच्याकडे आले आहे. अम्मी खिडकीतूनच राहिलेले झाड बोटाने दाखवतात.