गाडीला थंडी वाजते तेव्हा

मागच्या डिसेंबरात घाटंजीला घरी गेले, तर बाबा वैतागलेले. गाडीचं अ‍ॅव्हरेज 16 वरून 13 वर आलेलं. ‘पेट्रोलमध्येच भेसळ आहे,’ हा बाबांचा निकाल. आई म्हणे, गाडी म्हातारी झाली, विकून टाका. विकली असती तर सुट्टीत मी काय चालवलं असतं? म्हणून मेकॅनिकलवाल्या पोरीने प्रकरण हाती घेतलं.

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. इंजिनच्या पाण्यातला सेन्सर ही थंडी ईसीयूला कळवतो आणि ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. (जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हेच काम चोक करायचा.) इंजिन तापलं की सगळं सुरळीत. म्हणून घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्याच जास्त पेट्रोल खातात.

पण अमेरिकेच्या सरकारी माहितीनुसार 25 अंशांऐवजी उणे 7 अंशांत शहरातलं अ‍ॅव्हरेज साधारण 15 टक्के घटतं. आपल्याकडे पहाटे पारा 10-12 वर. तेवढ्यावर 19 टक्के घट? काहीतरी गडबड होती.

यवतमाळला जाताना लक्षात आलं, टेम्परेचरचा काटा तळाशीच. बॉनेट उघडून पाहिलं तर थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच गायब! इंजिन तापेपर्यंत हा व्हॉल्व्ह पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आमच्या मिस्त्रीकाकांनी एका मे महिन्यात ‘गाडी गरम होते’ म्हणून तो काढून टाकलेला. विदर्भात हा इलाज सर्रास चालतो, पण दुखणं बहुतेक वेळा चोंदलेल्या रेडिएटरचं किंवा बंद पंख्याचं असतं. व्हॉल्व्ह नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून थंड होत राहतं, आणि ईसीयूला वाटतं इंजिन अजून गारच आहे.

तुमच्या गाडीचं बघायचंय? सकाळी थंड इंजिन सुरू करा. रेडिएटरचा वरचा पाइप लगेच कोमट व्हायला लागला तर व्हॉल्व्ह नाही, किंवा उघडा अडकलाय. (पंख्यापासून हात लांब! आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.)

नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी आईच्या गंजात पाणी तापवून त्यात सोडला. त्यावर 82 छापलेलं. थर्मामीटर तिथे पोचला तसा तो हळूहळू उघडला. आईसुद्धा बघत उभी राहिली, मग म्हणाली, ‘गंज घासून ठेव.’

आता अ‍ॅव्हरेज साडेपंधरा आहे. बाबा सकाळी दहा मिनिटं गाडी उभ्यानेच गरम करतात, ते सोडलं तर अजून वाढेल. अर्ध्या मिनिटाने निघून हळू चालवली तर इंजिन लवकर तापतं. टायरची हवाही बघायची राहिलीय. पारा 10 अंश उतरला की ती साधारण दीड ते दोन पीएसआय कमी होते.