गाडी लागणाऱ्या मुलाला पायलट होता येतं का?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बसमध्ये बसलं की थोड्याच वेळात पोटात ढवळायला लागतं, अशी तक्रार घेऊन एक शाळकरी मुलगा आईबरोबर आला होता. आईला उलटीवरचं औषध हवं होतं. मुलाला विचारायचं होतं, "मग मी एअरफोर्समध्ये जाऊच शकणार नाही का?"

आधी गाडी का लागते ते पाहू. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला ते कळतं. बसमध्ये मोबाइल पाहताना डोळे सांगतात 'स्थिर आहोत', कान सांगतो 'वळतोय'. या विसंगतीतून मळमळ होते. याच्या उलटही घडतं. भाईंदर स्टेशनात शेजारची लोकल सुटली की क्षणभर आपलीच गाडी निघाल्यासारखी वाटते. तिथे डोळे फसवतात.

वैमानिकाला हा भ्रम जमिनीवरच अनुभवायला देतात. त्यासाठी फिरणारी 'बारानी खुर्ची' वापरतात. तिला नाव ज्यांचं आहे त्या रॉबर्ट बारानी यांना कानाच्या या यंत्रणेवरील कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं. डोळे बांधून खुर्ची एकाच वेगाने फिरवली की साधारण २० सेकंदांत फिरणं थांबल्यासारखं वाटतं. खुर्ची खरोखर थांबवली की आपण उलट दिशेने फिरतोय असं वाटतं! फिरताना मान झुकवली, तर भलेभले कासावीस होतात. ढगात शिरलेल्या वैमानिकाने अशा वेळी कानावर विश्वास ठेवला तर विमान कोसळू शकतं. म्हणून उपकरणांवर भरवसा ठेवायला शिकवतात. भारतात हे प्रशिक्षण बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये होतं. गगनयानासाठी निवडलेल्या वैमानिकांच्या वैद्यकीय चाचण्याही तिथेच झाल्या.

अंतराळात तर निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस त्रास होतो. मग मेंदू सरावतो.

हा सरावच रुग्णांच्या उपयोगी पडतो. कानाच्या आजारानंतर तोल जात असेल, तर फिजिओथेरपिस्ट मान आणि नजरेचे व्यायाम हळूहळू वाढवत शिकवतात. सुरुवातीला चक्कर थोडी वाढते. बरेच जण तिथेच व्यायाम सोडतात, आणि तीच चूक होते. मात्र घरी ऑफिसच्या खुर्चीवर गरागरा फिरून 'ट्रेनिंग' करू नका. पडून हाड मोडेल.

प्रवासात पुढे बसा, दूरवर पाहा, मोबाइल खिशात ठेवा. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या. तिने झोप येते, म्हणून स्वतः गाडी चालवू नका. अचानक चक्कर येऊन बोबडी वळली, एक बाजू लुळी पडली, दोन-दोन दिसू लागलं किंवा चालताच येईना, तर ते गाडी लागणं नव्हे. लगेच रुग्णालय गाठा.

त्या मुलाला मी सांगितलं, अर्ज जरूर कर. नव्या वैमानिकांपैकी अनेकांना सुरुवातीच्या उड्डाणांत उलट्या होतात आणि बहुतेकांची सरावाने थांबतात. वैद्यकीय तपासणीत मात्र त्रास लपवायचा नाही.